पेशंटकडं कोण आहे?

बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात रात्र काढलेल्या माणसाच्या कानात एक हाक कायमची बसते. रात्री दोन-अडीचला वॉर्डाच्या दारातून सिस्टर ओरडते, "पेशंटकडं कोण आहे?" ती बैलहोंगल-सौंदत्तीकडची असली तर म्हणते, "पेशंट कडे यार अदीरी?" 'कडे' मराठी-कन्नड दोन्ही भाषांत एकच, त्यामुळं अर्धी हाक कानावर पडली तरी झोपेतला माणूस उठून बसतो. व्हरांड्यात चटई टाकून पडलेले पाच-सहाजण धडपडतात, कॉटचा नंबर ऐकतात, आणि ज्याचा नंबर असेल तो अंधारात चपला चाचपत धावतो. कुणाला रक्तपेढीत जायचं असतं, कुणाला बाहेरच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणायचं असतं, कुणाला आपलंच माणूस स्ट्रेचरवर घालून स्कॅनिंगला ढकलत न्यायचं असतं.

याच माणसाला संध्याकाळी सातला वॉचमननं "टाइम संपला, बाहेर व्हा" म्हणून काढलेलं असतं.

आमच्या भागात पेशंट बघायला येणाऱ्यांच्या गर्दीबद्दल डॉक्टर मंडळी वैतागून बोलतात, आणि सुशिक्षित नातेवाईकही हल्ली त्यांच्या सुरात सूर मिसळतात. गर्दी खोटी नाही. शनिवारी बेळगावचा बाजार. त्या दिवशी खानापूर, चंदगड, हुक्केरीकडून येणारा माणूस बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतो. मेथीच्या पेंढ्या, खुरपं, पोराचे बूट असलेली पिशवी कॉटखाली सारून तो पेशंटच्या पायाशी बसतो. ११ जून २०२३ला कर्नाटकात शक्ती योजना लागू झाली आणि बायकांचा बसप्रवास फुकट झाला. तेव्हापासून गावाकडच्या आत्त्या-मावश्या तिकिटाचा हिशोब न करता येऊ लागल्या, हे तर मी आमच्याच घरात बघतोय. पूर्वी पुरुष एकटा जाऊन यायचा आणि घरी येऊन सांगायचा. आता आधारकार्ड घेऊन चौघीजणी बसमध्ये चढतात. मला याचा आनंदच वाटतो. आयुष्यभर दुसऱ्यांकडून खुशाली ऐकलेल्या बायका आता स्वतःच्या डोळ्यांनी आपलं माणूस बघून जातात.

पण वॉर्डात वीस कॉटा आणि प्रत्येक कॉटभोवती पाच माणसं म्हटल्यावर शंभर झाली. त्यात कुणी खोकणारं, कुणी तान्हं पोर घेऊन आलेलं, कुणी बाजारातून थेट आलेल्या हातानं ऑपरेशनच्या जखमेवरची पट्टी उचलून बघणारं. जंतुसंसर्गाची भीती डॉक्टरांनी हौसेनं काढलेली नाही. शिवाय आपली माणसं बोलतात काय? "आमच्या भावोजींना अगदी असंच झालं होतं." मग ते भावोजी कसे गेले याची तपशीलवार हकिगत. पेशंट निमूट ऐकत असतो, कारण त्याला उठून जाता येत नाही. मधुमेहानं पाय चिघळलेल्या एका काकांसाठी पाहुण्यांनी पाव किलो कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, आणलेला मी पाहिलाय. "बेळगावातनं रिकाम्या हातानं कसं यायचं" हे वर.

यात आणखी एक हिशोब असतो, तो कुणी उघड बोलत नाही. कोण बघायला आलं आणि कोण आलं नाही. दहा वर्षांनी लग्नाच्या मांडवात हे निघतं: "आमचा म्हातारा तीन आठवडे ॲडमिट होता, फिरकलासुद्धा नाहीत." म्हणून मग माणसं जातात. ओढीनं जाणारे असतात, धाकानं जाणारेही असतात, आणि पेशंटला कोण कशासाठी आलंय ते पहिल्या मिनिटात कळतं.

एवढं सगळं कबूल करूनही मी वॉचमनच्या बाजूचा होऊ शकत नाही. कारण या गर्दीतली निम्मी माणसं दवाखान्याचं काम करत असतात, आणि तेही बिनपगारी.

साधी गोष्ट घ्या. निघताना प्रत्येकजण पेशंटच्या उशाखाली किंवा त्याच्या बायकोच्या मुठीत शंभर, दोनशे, कधी पाचशे रुपये सरकवतो. "फळं घ्या" म्हणतो. फळं कुणीच घेत नाही. त्यातून औषधं येतात. काही घरांत त्याची वही असते, लग्नातल्या आहेरासारखी, म्हणजे उलट वेळ आली की तेवढं तरी द्यायचं. आरोग्यकार्डात न बसणारा खर्च आमच्या खेड्यांत या वहीवर निघतो. भेटीची वेळ कापली की ही वहीही कापली जाते, याचा विचार नियम करणाऱ्यानं केलेला नसतो, कारण त्याला ती वही माहीतच नसते.

रक्ताचंही तेच. "रिप्लेसमेंट आणा", म्हणजे बदली रक्तदाते आणा, म्हटलं की व्हरांड्यातली तरणी पोरंच उभी राहतात.

पण सीमाभागात या माणसांचं सगळ्यात मोठं काम भाषेचं आहे. इथं मला आमच्या आत्तीची गोष्ट सांगायलाच हवी. आत्ती कणकुंबीकडची. सगळं आयुष्य गोव्याकडं तोंड करून गेलेलं, चोर्ल्याच्या घाटातून उतरायचं नि साखळीच्या बाजारात जायचं. कन्नडचा संबंध बसच्या पाटीपुरता. पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी तिला बेळगावात ॲडमिट केलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आत्तेभावाला सातच्या ठोक्याला बाहेर काढलं होतं. नंतर ड्यूटीवरची पोर आली आणि सांगून गेली, "मुंजाने ऊट माडब्याड्री." सकाळी जेवू नका. आत्तीनं ऐकलं 'ऊठ'. तिला वाटलं, सकाळी उठू नका म्हणतेय. ती बिचारी सकाळी अजिबात उठली नाही. आडवी पडूनच शेजारच्या बाईनं दिलेला चहा आणि दोन बिस्किटं खाल्ली. ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं.

घरी आम्ही ही गोष्ट हसून सांगतो. त्या नर्सला मी दोष देत नाही. ती बागलकोटकडची, वीस-बावीस वर्षांची, आणि एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड. तिनं आपलं काम केलं. आत्तीनंही सांगितलेलं पाळलं. मधला माणूस गेटाबाहेर होता, एवढंच. तिथं पोटात चहा होता म्हणून ऑपरेशन पुढं गेलं. औषधाची ॲलर्जी विचारली असती आणि उत्तर चुकलं असतं तर?

२०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार होती, आणि त्यात मातृभाषा मराठी सांगणारे १८-१९ टक्के. म्हणजे नऊ लाखांच्या आसपास माणसं. शहरातला मराठी माणूस कन्नड बोलतो, निदान समजून घेतो. पण आजारपण बहुतेक म्हाताऱ्यांना, आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या म्हातारीला कन्नड येत नाही. उलट चंदगड-गडहिंग्लजहून येणारा पेशंट तर महाराष्ट्राचाच. त्याला बेळगाव जवळ म्हणून तो येतो. दुखणं सांगणं ही फार बारीक भाषा असते. 'चमक मारते', 'कळ येते', 'ठणकतं', 'आग होते', 'जड वाटतं', 'भणभणतं' — यातल्या प्रत्येकाचा अर्थ डॉक्टरला वेगळा लागू शकतो. मोडक्या हिंदीत या सगळ्याचं एकच होतं: "दर्द है."

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, १७ हक्कांची. त्यातला पहिलाच हक्क माहितीचा आहे, आणि ती माहिती पेशंटला समजणाऱ्या भाषेत द्यावी असं त्यात म्हटलंय. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९ला ती राज्यांकडं पाठवली. कर्नाटकात तर त्याआधीच, २०१७ला, खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याची दुरुस्ती करून रुग्णांची सनद त्यात आणली होती. त्या दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे खासगी डॉक्टर नोव्हेंबरात इथं बेळगावातच, सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलेलं असताना, आंदोलनाला आले होते. म्हणजे हा कायदा ज्या गावात गाजला तेच हे गाव. आणि त्याच गावात आजही माणसं न वाचता येणाऱ्या संमतीपत्रावर अंगठा उठवतात. "काय लिहिलंय?" विचारलं तर "ऑपरेशनचं आहे, सही करा."

आता थोडं आपल्यांनाही सुनावतो. मराठीसाठी आम्ही कमी भांडलेलो नाही. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं म्हणून १९५६पासून १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतोय. २०१४ साली येळ्ळूर गावच्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या पाटीवरून लोकांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या. भाषिक अल्पसंख्याकांबद्दलचं १९५६चं केंद्राचं निवेदन, जिथं १५ ते २० टक्के लोक दुसऱ्या भाषेचे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात असं सांगणारं, आमच्या प्रत्येक सभेत निघतं. पण ते पाटीसाठी निघतं, परिपत्रकासाठी निघतं. भूल देण्याच्या संमतीपत्रासाठी आम्ही मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. पाटी रस्त्यावरून दिसते. संमतीपत्र फाइलीत जातं. मला विचाराल तर त्या एका कागदाचं मराठी भाषांतर शंभर पाट्यांहून जास्त उपयोगाचं आहे. आणि ते मागताना कन्नडविरोधी ठरायचं काही कारण नाही, कारण हीच अडचण मिरजेच्या वॉर्डात पडलेल्या कन्नड म्हातारीलाही येते.

मिरजेचं नाव निघालं म्हणून सांगतो. डॉक्टर वान्लेस यांनी १८९४ला तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून अथणी, रायबाग, कुडचीकडची माणसं आजारी पडली की मिरजेची वाट धरतात. निपाणी-चिकोडीचा माणूस कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो. खानापूरच्या घाटाकडचा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात. सीमाभागातला पेशंट असा चहूबाजूंना फुटतो, आणि कुठं जायचं ते ठरतं खिशातल्या कार्डावर. कर्नाटकाचं आयुष्मान कार्ड असेल तर बेळगाव. महाराष्ट्र सरकारनं २०२३ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकनं त्यावर जोरदार आक्षेप घेतला. ते कार्ड चालवायचं तर कोल्हापूर-सांगलीकडं तोंड. गोव्यानं २०१८पासून बाहेरच्या पेशंटना शुल्क लावलं, तेव्हापासून बांबोळीलाही चारदा विचार करून जावं लागतं. कर्नाटक-महाराष्ट्राची सरकारं आमच्या आजारपणावरून भांडतात तेव्हा एक गोष्ट त्यांच्या हिशोबात नसते: पेशंट ज्या गावात पडेल तिथं रोज डबा घेऊन कोण जाणार? ऑपरेशन फुकट झालं आणि सोबतीला कुणी पोचू शकलं नाही, तर फुकटचं ऑपरेशनही महागात पडतं. मी अशी घरं बघितलीत जिथं लांबचा फुकट दवाखाना सोडून जवळचा पैशाचा निवडला, केवळ रात्री राहायला भाऊ येऊ शकतो म्हणून. सरकारी बाबूला हा अडाणीपणा वाटेल. मला ते शहाणपण वाटतं.

सोबत नसणं म्हणजे काय, हे २०२१च्या मे महिन्यात सगळ्यांनी बघितलं. कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर दाखवल्याशिवाय पलीकडचा अलीकडं येईना. सख्खा भाऊ कागलला आणि पेशंट निपाणीला, मध्ये नाका. वॉर्डात तर कुणालाच प्रवेश नव्हता. त्या वेळी ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण पाणी तोंडाला कोण लावणार, मोबाइल चार्जिंगला कोण लावणार, ऑक्सिजनचा मास्क सरकला तर कोण हाक मारणार, हे प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उघडे पडले. एरवी ही सगळी कामं आपोआप होतात असं दवाखान्यांना वाटत होतं.

भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांची गोष्ट तर आणखी वेगळी. पावसाळ्यात तिथून पेशंट आणायचा म्हणजे बांबूला घोंगडं बांधून डोली करायची, आठ-दहा जणांनी खांदे बदलत, ओढे ओलांडत डांबरी रस्त्यापर्यंत यायचं. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली ती माणसं ॲम्ब्युलन्समागून कशीबशी बेळगावला पोचतात, आणि गेटवर त्यांना सांगितलं जातं: एका पेशंटला एकच पास. नियमाच्या भाषेत ही सगळी माणसं 'व्हिजिटर'. ज्यांच्या खांद्यावरून माणूस जिवंत आला, त्यांना तो जगतोय का एवढंही बघायला मिळू नये, हे मला कुठल्याही नियमात बसवता येत नाही.

डॉक्टरांची भीती मी समजू शकतो. दहाजणांचा घोळका म्हटला की त्यांना तोडफोड दिसते. कर्नाटकात २००९पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, तो उगीच आला नाही. पण घोळका बिथरतो कधी? आयसीयूच्या दारातून एकाला घाईत दोन वाक्यं सांगितली जातात, निम्मी इंग्रजीत. तो ती जिन्यात दुसऱ्याला सांगतो, दुसरा फोनवर गावाला, आणि 'क्रिटिकल'चं गावात पोचेपर्यंत 'डॉक्टरनं हात वर केले' झालेलं असतं. रोज ठरलेल्या वेळी, खुर्चीवर बसून, दहा मिनिटं, मराठीत आणि कन्नडमध्ये आणि लागेल तर उर्दूत कुणी नीट सांगितलं, तर व्हरांड्यातले निम्मे लोक त्याच बसनं परत जातील. ते बातमीसाठी थांबलेले असतात.

म्हणून मला वाटतं, दवाखान्यांनी बघायला येणारा आणि सोबत राहणारा या दोघांना एकाच पिंजऱ्यात घालणं आधी बंद करावं. बघायला येणाऱ्यावर खुशाल बंधनं घाला, आयसीयूत तर घालाच. पण सोबत हे पद माना. त्याचं नाव केसपेपरवर लिहा. पाळी बदलली की पास बदलून द्या, तोंड वाकडं न करता. त्याला पाठ टेकायला जागा, प्यायला पाणी, आंघोळीला नळ द्या. आणि पेशंटची भाषा येणारं माणूस ड्यूटीवर नसेल तेव्हा तरी त्याला सातला बाहेर काढू नका. कोट्यवधींची यंत्रं आणणाऱ्या दवाखान्यांना व्हरांड्यात चार पंखे लावणं परवडत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आणि आपण? पेशंट बघायला न गेल्याचा राग धरणं आपण सोडलं तर निम्मी गर्दी उद्या कमी होईल. ऑपरेशन झाल्यापासून दोन दिवस कुणी जाऊ नये, फोन केला तरी चालतो. तोही पेशंटला नको, सोबत असलेल्याला. जायचंच तर रात्रीच्या पाळीला जावं. तीन रात्री जागलेल्या वहिनीला म्हणावं, "तू घरी जा, आंघोळ करून झोप, आज मी आहे." मोसंबीच्या पिशवीपेक्षा हे अवघड असतं, म्हणून मोसंब्या जास्त येतात.

आमच्या वडिलांना बारा-तेरा वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झाला तेव्हा बघायला येणाऱ्यांची रांग लागली होती. त्या सगळ्यांची नावं आज आठवत नाहीत. आठवतो तो बांधाशेजारचा अण्णा. लिंगायताचा, घरात कन्नड बोलणारा, आमच्याशी मराठी. तो दवाखान्यात आलाच नाही. आईला ते जरा लागलंही होतं. अठरा दिवसांनी आम्ही वडिलांना घेऊन घरी आलो तर गोठा झाडलेला, वैरण घातलेली, आणि डेअरीच्या पुस्तकात दोन्ही वेळच्या दुधाच्या नोंदी, एकही खाडा नाही. आमची म्हैस मारकी होती, परक्याला कासेला हात लावू देत नसे. तिला कशी वळवली म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाला, "पहिले दोन दिवस लाथा खाल्ल्या की."